झाकण मिटलं की बंद पडणारा लॅपटॉप: आधी वायफायचा ड्रायव्हर, मग मदरबोर्ड

ताई, बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो. तुम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब बघता. लॅपटॉप दोन वर्षांचा, विंडोज ११. संध्याकाळी झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत टाकता आणि तासगावला घरी जाता. आठवड्यातून तीन-चार वेळा घरी पोचेपर्यंत लॅपटॉप तापलेला असतो. झाकण उघडलं की कधी निळी स्क्रीन दिसते, कधी विंडोज नव्यानं सुरू होतं आणि उघडी ठेवलेली टॅली गेलेली असते. दोनदा फॉरमॅट मारून झालं, रॅम बदलून झाली, आता दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतोय. तुम्ही विचारलंय, बदलू का?

नका बदलू, निदान इतक्यात तरी नको. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, त्यावरच माझं लक्ष गेलं: "फॉरमॅट केल्यावर पाच-सहा दिवस एकदम छान चालला, मग परत तेच." मदरबोर्ड बिघडला असता तर फॉरमॅटनंतर त्याला बरं वाटायचं काही कारण नव्हतं. रॅम खराब असती तरी तेच. पाच-सहा दिवस बरा चालतो आणि मग पुन्हा रडतो याचा अर्थ असा, की त्या दिवसांत काहीतरी आपोआप परत येऊन बसतंय. विंडोज अपडेट हळूहळू एकेक ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, खाली आणतं आणि बसवतं. त्यात वायफायचाही असतो. दोन्ही फॉरमॅटनंतर तोच ड्रायव्हर परत आला असणार, हा माझा पहिला संशय. संशयावर पैसे खर्च करू नयेत, म्हणून तो तपासायचा कसा ते नीट सांगतो.

मी सांगलीच्या खणभागात वीसेक वर्षं दुरुस्तीचं काम करतो. सुरुवातीच्या काळात मीही स्लीपमध्ये अडकणारं मशीन आलं की रॅम बदलायचो, हार्ड डिस्क बदलायचो. विश्रामबागच्या एका प्राध्यापकांचा लॅपटॉप माझ्याकडे चार वेळा आला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून दोन सुटे भाग विकत घेतले, आणि शेवटी दोष निघाला वायफायच्या ड्रायव्हरमध्ये. त्यांचे पैसे मी परत केले, पण त्यांच्या परीक्षेच्या दिवसांतला गेलेला वेळ परत देता आला नाही. तेव्हापासून डंप फाइल, म्हणजे मशीन कोसळताना विंडोज लिहून ठेवतं ती नोंद, वाचल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

झाकण मिटल्यावर आत काय होतं ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. लॅपटॉप झोपतो म्हणजे विजेचं बटण दाबल्यासारखा एका क्षणात बंद होत नाही. विंडोज प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला निरोप पाठवतं, की आपण झोपतोय, तुझं काम आवर आणि आवरलं की सांग. कीबोर्ड, साउंड, ग्राफिक्स, डिस्क, वायफाय, ब्लूटूथ, सगळ्यांना हा निरोप जातो. प्रत्येकानं उत्तर दिलं तरच मशीन झोपतं. वायफायचं आवरणं यात सगळ्यात किचकट. त्याच्या कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर, असतं, राउटरशी चालू असलेलं बोलणं असतं, आणि झोपेतही नेटवर्कवरून उठवायची सोय चालू असेल तर पासवर्डच्या किल्ल्या कार्डावर सोपवून मग झोपावं लागतं. यात कार्डाचं फर्मवेअर कुठे अडकलं, की ड्रायव्हर त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो आणि विंडोज ड्रायव्हरच्या उत्तराची. काही मिनिटं वाट बघून विंडोज हात टेकतं आणि मुद्दाम निळी स्क्रीन दाखवून थांबतं. त्या स्क्रीनवर बहुतेक वेळा ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर असं लिहिलेलं असतं. तांत्रिक भाषेत तिचा क्रमांक शून्य-एक्स-नाइन-एफ.

म्हणजे लॅपटॉप उठताना बंद पडतोय असं तुम्हाला वाटत असलं तरी बहुधा तो झोपायला जातानाच पडलेला असतो. झाकण मिटल्यावर मशीन झोपलंच नाही, तुमच्या पिशवीत ते जागं राहून तापत होतं, आणि तुम्ही तासगावच्या वाटेवर असताना कोसळलं. उघडल्यावर आपल्याला फक्त परिणाम दिसतो. पिशवी गरम लागते ही खूण तुम्ही नेमकी टिपलीत.

दुसरी गोष्ट तुमच्या मशीनच्या वयाची. जुने लॅपटॉप एस-थ्री नावाच्या झोपेत जायचे. त्यात रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद व्हायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आलं आणि विंडोज १० पासून त्याचं मॉडर्न स्टँडबाय झालं. यात लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा असतो आणि वायफाय जोडलेलं राहू शकतं. सोय चांगली आहे, पण वायफायच्या ड्रायव्हरवरचा भार वाढला. आधी त्याला एकदा झोपायचं आणि एकदा उठायचं होतं. आता रात्रभरात त्याला अनेकदा डुलकी घ्यावी लागते, अनेकदा डोळे उघडावे लागतात. कच्चा ड्रायव्हर इथे उघडा पडतो.

तुमचं मशीन यातलं कोणतं, ते बघायला स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर उजवं क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवडा. काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि ए, असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. उत्तरात स्टँडबाय एस-झिरो लो पॉवर आयडल दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय. त्यापुढे नेटवर्क कनेक्टेड लिहिलेलं असेल तर झोपेतही वायफाय जागं ठेवायची सोय आहे. एस-थ्री दिसलं तर जुन्या पद्धतीची झोप.

आता पुरावा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम उघडा. सोर्समध्ये कर्नल-पॉवर आणि इव्हेंट आयडी ४१ असलेली लाल नोंद शोधा. ही नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. बरेच दुरुस्तीवाले इथेच थांबतात, ४१ दिसला की पॉवर सप्लाय किंवा बोर्ड म्हणतात. नोंदीवर क्लिक करा, डिटेल्समध्ये जा आणि बगचेककोड ही ओळ वाचा. तिथे १५९ असेल तर आपण योग्य वाटेवर आहोत, कारण हा आकडा दशमान पद्धतीत असतो आणि मघाचा नाइन-एफ (तो सोळाच्या पटीतल्या पद्धतीत लिहिलेला) म्हणजेच १५९. तिथे ० असेल तर विंडोजला निळी स्क्रीन नोंदवताच आली नाही. म्हणजे एकतर वीज एकदम गेली, नाहीतर मशीन इतकं गोठलं की कुणीतरी पॉवर बटण दाबून धरलं. तो रस्ता वेगळा.

वेळेच्या बाबतीत एक सावधगिरी. ४१ वर जी वेळ दिसते ती मशीन परत सुरू झाल्याची असते, पडल्याची नाही. पडल्याची वेळ जवळच्या ६००८ क्रमांकाच्या नोंदीच्या मजकुरात मिळते. त्याआधी एस-थ्री मशीनवर ४२ ही झोपायला निघाल्याची नोंद असते आणि उठल्यावर १०७ येते. मॉडर्न स्टँडबायमध्ये त्याच कामासाठी ५०६ आणि ५०७. समजा संध्याकाळी साडेसहाला ५०६ आहे आणि पुढे ५०७ नाहीच, थेट ४१ आहे. म्हणजे मशीन झोपेच्या वाटेवर गेलं आणि परत आलंच नाही. अशा चार-पाच तारखा कागदावर लिहून काढा. सगळीकडे १५९ दिसत असेल तर रॅमचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. खराब रॅम दर वेळी वेगवेगळा आकडा दाखवते. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आणखी काही, परवा टॅली चालू असतानाच बंद. सारखा एकच आकडा, तोही फक्त झोपताना, ही एका ड्रायव्हरची सही आहे.

कोणता ड्रायव्हर, ते डंप फाइल सांगते. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात मिनिडंप नावाचं फोल्डर असतं. तिथे डीएमपी फाइली असतात आणि नावातच तारीख असते, पण महिना आधी, मग दिवस, मग वर्ष. म्हणजे ०८०५ पाहून ८ मे समजू नका, तो ५ ऑगस्ट. फोल्डर रिकामं असेल तर बहुतेक कुणीतरी सफाईचं सॉफ्टवेअर टाकलंय, ते या फाइली कचरा समजून उडवतं. ते आधी काढा. सिस्टम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी या वाटेनं जाऊन ऑटोमॅटिक मेमरी डंप निवडलेलं आहे ना ते बघा, आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढा म्हणजे निळी स्क्रीन वाचेपर्यंत थांबेल.

डंप वाचायला नीरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू सोपं आहे, पण या दोषात ते फसवतं. ते बहुतेक वेळा एनटीओएस कर्नल नाहीतर एनडीआयएस या फाइलीकडे बोट दाखवतं. पहिली फाइल म्हणजे विंडोजचा गाभा, दुसरी म्हणजे विंडोजची नेटवर्कची मधली फळी. हे दोघे पोस्टमन आहेत. पत्र ज्याच्या दारात अडकलं त्याचं घर शोधायचं तर मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी लागतं. ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर फुकट मिळतं. त्यात डंप उघडून उद्गारचिन्ह, ॲनलाइझ, एक जागा, उणे व्ही अशी आज्ञा द्या. वर चार आर्ग्युमेंट, म्हणजे दोषाचा तपशील सांगणारे चार आकडे, दिसतील. पहिलं ३ असेल तर अर्थ सरळ आहे: एका उपकरणानं झोपेचा निरोप फार वेळ अडवून धरला. मग चौथ्या आर्ग्युमेंटचा लांबलचक आकडा कॉपी करा आणि उद्गारचिन्ह, आयआरपी, एक जागा, तो आकडा अशी दुसरी आज्ञा द्या. निरोप कुणाकुणाच्या हातातून गेला त्याची यादी येते. ज्या ओळीपुढे बाणासारखी खूण आहे, त्याच्या हातात तो अडकला. त्या ओळीत ड्रायव्हरचं नाव असतं. इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरचं नाव नेटडब्ल्यूटीडब्ल्यूनं सुरू होतं, रियलटेकच्या पुष्कळ ड्रायव्हरचं आरटीडब्ल्यूनं, मीडियाटेकचं एमटीकेनं. ही नावं दिसली म्हणजे ती कंपनी वाईट असं मुळीच नाही. कोणत्याही कार्डाचा एखादा ड्रायव्हर एखाद्या मशीनवर बिघडू शकतो. आपल्याला फक्त पत्ता हवा होता.

हे अवघड वाटत असेल तर ती फाइल पेनड्राइव्हवर घालून माझ्याकडे पाठवा, लॅपटॉप आणायची गरज नाही. पण डंप न वाचताही करता येणारी एक चाचणी आहे, आणि ती तुम्ही आज संध्याकाळीच करावी असं मला वाटतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर उजवं क्लिक करून डिसेबल डिव्हाइस करा आणि मग झाकण मिटा. इथे एरोप्लेन मोड चालत नाही, हे लक्षात घ्या. एरोप्लेन मोडनं फक्त रेडिओ बंद होतो. ड्रायव्हर आत बसलेलाच असतो आणि झोपेचा निरोप त्याच्याकडे जातोच. डिसेबल केलं तरच तो त्या रांगेतून बाजूला होतो. कामाला इंटरनेट लागेल तेव्हा दुकानात केबल लावा नाहीतर मोबाइल यूएसबीनं जोडा, पण झाकण मिटण्याआधी मोबाइल काढा, कारण त्याचाही एक नेटवर्क ड्रायव्हर असतो. असं आठवडाभर चालवा. तुमचं मशीन आठवड्यात तीन-चारदा पडतंय, त्यामुळे एका रात्रीत काही सिद्ध होत नाही. सात रात्री नीट गेल्या, मग चालू केल्यावर परत पडलं, तर मदरबोर्डवाल्याला सांगायला तुमच्याकडे पुरावा आहे.

आता उपाय. नेटवर यादी सापडते, तिच्यातलं सगळं एका दमात करायचं आणि मग नक्की कशानं बरं झालं ते कळत नाही, असं करू नका. एक बदल करा, दोन-तीन दिवस बघा, मग पुढचा.

पहिला आणि माझ्या मते खरा उपाय म्हणजे योग्य ड्रायव्हर. योग्य म्हणजे सगळ्यात नवा नव्हे. तुमच्या लॅपटॉपच्या तळाशी सिरीयल नंबर असतो, तो लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर टाका. तिथे तुमच्याच मॉडेलसाठी तपासून ठेवलेले ड्रायव्हर मिळतात. वायफाय, ब्लूटूथ, चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य चिप्स) आणि बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर), चारही बघा. वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात. एक नवा आणि एक जुना असला की त्यांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळच्या जोडीचे घ्या. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी भरलेली हवी. इन्व्हर्टरच्या भरवशावर, वीज जाण्याच्या वेळेला हे काम करू नका.

ड्रायव्हर नुसता वरून टाकू नका, आधी जुना मुळापासून काढा. विंडोज ड्रायव्हरच्या प्रती एका कोठारात ठेवतं आणि तुम्ही काढल्यावर त्याच कोठारातून तोच परत बसवतं. सगळ्या फाइली आधी डाउनलोड करून ठेवा, मग इंटरनेट तोडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायवर अनइन्स्टॉल डिव्हाइस म्हणा आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा. वर ॲक्शनमधून स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस केलं की कोठारातला त्याहून जुना ड्रायव्हर वर येईल. तोही तसाच काढा. वायफाय अनोळखी उपकरण म्हणून दिसेपर्यंत हे करा. काही मशीनवर विंडोजबरोबरच आलेला एक ड्रायव्हर उरतो, तो जात नाही, त्याला तसाच राहू द्या. मग कंपनीचा ड्रायव्हर बसवा आणि रीस्टार्ट करा.

रीस्टार्टच करा, शटडाउन नको. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. ड्रायव्हरची बिघडलेली अवस्थाही त्याच्याबरोबर परत येते. "मी रोज रात्री बंद करतो तरी होतं," असं सांगणारे कितीतरी जण माझ्याकडे येतात, त्यांचं मशीन खऱ्या अर्थानं आठवडेच्या आठवडे बंदच झालेलं नसतं. तपास चालू आहे तोवर फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, तिथे त्याची खूण आहे.

आता मूळ पेच: विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर परत आणणार. तुमच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये विंडोज अपडेटखाली अपडेटबरोबर ड्रायव्हर आणू नको अशी एक नोंद आहे, ती चालू करा. होम आवृत्तीत ती नसते. तिथे पूर्वी मायक्रोसॉफ्टचं शो ऑर हाइड अपडेट्स नावाचं छोटं साधन वापरून तो एक ड्रायव्हर लपवता यायचा; आता ते मिळेल किंवा चालेल याची खात्री नाही. ऑप्शनल अपडेट्समध्ये दिसणारे ड्रायव्हर सहज म्हणून टिचकी मारून घेऊ नका. आणि आपोआप ड्रायव्हर अपडेट करणारी सॉफ्टवेअर तर लॅपटॉपवर नकोतच. ती कार्डाचं नाव जुळलं की ड्रायव्हर टाकतात, तुमचं मॉडेल बघत नाहीत.

कधीकधी कंपनीच्या पानावरचा नवा ड्रायव्हरच दोषी निघतो. मिरजेच्या एका दवाखान्यातलं मशीन मला आठवतं. बिलिंगच्या टेबलावरचा लॅपटॉप, दुपारी जेवायला उठल्यावर झोपायचा आणि परत यायचा नाही. सगळ्यात ताज्या ड्रायव्हरवर रोज पडत होता. त्याच पानावर खाली जुन्या आवृत्त्यांची यादी होती, तिथला वर्षभर आधीचा टाकला आणि अपडेट अडवलं. तेव्हापासून त्याची तक्रार नाही. म्हणून मी आधी विचारतो, हे कधी सुरू झालं? त्या तारखेच्या आसपास डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या इव्हेंट्स पानावर ड्रायव्हर बदलल्याची नोंद सापडली, तर अर्धं काम तिथेच होतं. ड्रायव्हर पानावर रोल बॅक बटण दिसत असेल तर पाच मिनिटांत मागे जाता येतं.

सेटिंगचे उपाय मी नंतर ठेवतो, कारण त्या कुबड्या आहेत. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट पान असेल तर वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून बघा. मॉडर्न स्टँडबायच्या मशीनवर ते पान बहुधा दिसतच नाही. ते नाही म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, शिरून मॉडर्न स्टँडबायच बंद करायचा एक तोडगा पसरलेला आहे, तो मी तुम्हाला देणार नाही. ज्या मशीनच्या बायोसमध्ये एस-थ्री नाहीच, तिथे त्या तोडग्यानंतर स्लीपच नाहीसं होतं. ॲडव्हान्स्ड पानावर वेक ऑन मॅजिक पॅकेट आणि वेक ऑन पॅटर्न मॅच असतात. नेटवर्कवरून लॅपटॉप उठवायची तुम्हाला गरज नाही, दोन्ही डिसेबल करा. झोपताना कार्डाच्या अंगावरचं काम तेवढं कमी होतं, आणि काही मशीनवर एवढ्यानंच भागतं. मॉडर्न स्टँडबायमध्ये झोपेत नेटवर्क चालू ठेवायचं का हेही ठरवता येतं, ते कधीही नको असं करा. यानं बॅटरीही वाचते.

व्हीपीएन आणि बाहेरचा अँटिव्हायरस या दोघांकडे बघायला विसरू नका. हे नेटवर्कच्या वाटेत आपापली चाळणी लावून बसतात आणि झोपेचा निरोप त्यांच्यातूनही जातो. दोष त्यांचा आणि नाव वायफायचं, असं होऊ शकतं. ड्रायव्हर बदलूनही पडत असेल तर ही सॉफ्टवेअर पूर्ण काढून दोन दिवस बघा. नुसतं बंद करून चाळणी निघत नाही.

डेस्कटॉपला लावलेल्या यूएसबी वायफायच्या बोंडाचंही हेच दुखणं असतं. तिथे पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघावं. आणि वालचंद कॉलेजची मुलं लिनक्सवर हीच तक्रार घेऊन येतात, त्यांना मी मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाची नोंदवही (जर्नल) वाचायला आणि झोपेआधी वायफायचं मॉड्यूल (तिथला ड्रायव्हर) काढून, उठल्यावर परत घालून बघायला सांगतो. तेवढ्यानं दोष कुणाचा ते कळतं.

हे सगळं करूनही पडलं, तर कार्डाकडे वळायचं, बोर्डाकडे नाही. कार्ड बिघडल्याच्या खुणा वेगळ्या असतात. झोपेतून उठल्यावर वायफाय यादीतूनच गायब होतं, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर पिवळा त्रिकोण आणि कोड १० किंवा ४३ दिसतो. मग मशीन पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि परत सुरू करा. एवढ्यानं वायफाय परत आलं तर कार्डाचं फर्मवेअर गोठत होतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे कार्ड बोटाच्या पेराएवढं असतं, एका स्क्रूवर बसतं आणि मदरबोर्डच्या तुलनेत फारच स्वस्त असतं. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र ते बोर्डावर झाळलेलं असतं.

नवं कार्ड घेताना एक जागा फसवी आहे. इंटेलची काही कार्डं सीएनव्हीआय पद्धतीची असतात, म्हणजे वायफायचा अर्धा मेंदू प्रोसेसरकडच्या बाजूला असतो आणि कार्डावर फक्त रेडिओ. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही तशी, तर एएक्स२०० आणि एएक्स२१० स्वतंत्र. दिसायला सारखी, किमतीतही फार फरक नाही, पण एएक्स२११ एएमडीच्या मशीनमध्ये चालणारच नाही. नाव बघून घ्या. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस तर यादीबाहेरचं कार्ड स्वीकारतच नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे पाण्यातून काढलेली आणि वरच्या मजल्यावर ओलीत राहिलेली किती मशीन आली, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. पाण्यात न बुडालेल्याही काही लॅपटॉपच्या वायफाय कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढला होता. कार्ड काढलं, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पट्ट्या पुसल्या, परत बसवलं आणि झोपेचं दुखणं गेलं, अशी मशीन मी हातानं दुरुस्त केली आहेत. तुमचा लॅपटॉप त्यानंतरचा आहे, पण हळदीच्या गोदामाशेजारी बसता म्हणून आतला पंखा आणि कार्डाची जागा एकदा साफ करून घ्या. हळदीची बारीक पूड पंख्यात जाते, आणि पिशवीत जागं राहिलेलं मशीन मग आणखीच तापतं.

तपास होईपर्यंत तुमचा हिशेब सुरक्षित राहिला पाहिजे, ही मला खरी काळजी आहे. झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून मशीन बंद होणं) होईल असं पॉवर ऑप्शन्समध्ये करून ठेवा. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर मघाच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, एच, एक जागा, ऑन अशी आज्ञा द्या. हायबरनेटमध्येही ड्रायव्हरला निरोप जातोच, तेव्हा ही पक्की हमी नाही. पण ते पूर्ण झालं की मशीन खरोखर बंद होतं आणि पिशवीत तापत नाही. घरी निघण्याआधी टॅलीतली कंपनी बंद करा, बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. डेटा दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर असेल आणि तुम्ही वायफायवरून तो उघडत असाल, तर हे जास्तच पाळा. उघडी फाइल आणि मध्येच तुटलेलं नेटवर्क, यातूनच डेटा बिघडतो.

नवा ड्रायव्हर टाकल्यावर चाचणी तुमच्या रोजच्या वापरासारखीच घ्या. दहा मिनिटांची झोप, मग तासाभराची, मग रात्रभराची. चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे, कारण बॅटरीवर विंडोज वायफायला वेगळं वागवतं. दुकानाच्या वायफायवर जोडलेलं असताना झाकण मिटा आणि घरी, त्या वायफायच्या टप्प्याबाहेर उघडा. तुमचा लॅपटॉप नेमका याच प्रवासात पडतो, आणि दुरुस्तीच्या टेबलावर एकाच राउटरखाली बसून घेतलेली चाचणी हे कधीच पकडू शकत नाही. दुकानदाराला तो ठणठणीत वाटला, त्याचं कारण हेच असावं.

आता तुम्ही मला तीन गोष्टी कळवा: बगचेककोडचे आकडे तारखांसकट, पॉवरसीएफजीचं उत्तर, आणि वायफाय डिसेबल करून घेतलेल्या सात रात्रींचा निकाल. डंपमध्ये वायफायऐवजी ग्राफिक्सचा किंवा डिस्कचा ड्रायव्हर निघाला तर उपायाची वाट हीच राहते, फक्त ड्रायव्हर बदलतो, ते मी तेव्हा नावासकट सांगेन. तोवर मदरबोर्डची ऑर्डर दिली असेल तर दुकानदाराला आठवडाभर थांबायला सांगा, आणि आधी काढलेली जुनी रॅम त्याच्याकडून परत मागून घ्या. ती बहुतेक चांगलीच असणार.